कवडशापासून चाळिशीपर्यंत: डोळा प्रकाश कसा जुळवतो, ते घरच्या खोलीत कसं पाहावं

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, पत्र्याचं. पत्रे जुने, खिळे बदलताना पडलेली भोकं तशीच राहिलेली. उन्हाळ्यात भर दुपारी आतल्या अंधाऱ्या खोलीत जमिनीवर कवडसे पडायचे. त्याच खोलीत आई भिंतीला टेकून विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. चाळिशी आली तशी तिची बसायची जागा सरकायला लागली. आधी खोलीच्या मधोमध, मग दारापाशी, शेवटी थेट उंबऱ्यावर. विडीला दोरा बांधताना हात लांब जायला लागले. आळीतल्या बायका म्हणाल्या, "अक्का, तुमची नजर गेली." तिलाही ते खरं वाटलं. दोन वर्षं तिनं घरात कुणाला सांगितलं नाही, कारण दिवसाच्या हजार विड्या नजरेच्या भरवशावर होतात.

तिची नजर गेली नव्हती. डोळ्याच्या आतलं भिंग कडक झालं होतं, इतकंच. हे मला पुस्तक वाचून पटलं नाही. ते एका भिंगानं, एका चादरीनं आणि शेजारच्या काकांच्या वाचायच्या चष्म्यानं पटलं. तेच प्रयोग इथे क्रमानं लिहिते. सगळे मिळून एका दुपारचं काम आहे. घरात मुलं असतील तर त्यांना आणि आजी-आजोबांना बरोबर घ्या. वेगवेगळ्या वयाचे डोळे असले की शेवटचे प्रयोग जास्त रंगतात.

काय काय लागेल

शाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं ते मुठीचं भिंग, तळहाताएवढं असेल तर उत्तम. खिडकी झाकायला दोन-तीन चादरी. सोलापुरी चादर दाट विणीची असते, तिची दुहेरी घडी घातली की दुपारचं ऊनही अडतं. जाड पुठ्ठा, पांढरा कागद, टाचणी, चिकटपट्टी, मोजपट्टी आणि मोबाइल. घरात कुणाचा तरी वाचायचा, अधिक नंबरचा चष्मा असेलच, तोही मागून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगते, आणि ती मुलांसमोर मोठ्यानं वाचा. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही, भिंगाशिवायही नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याला वेदनेची जाणीवच नसते. तो भाजताना दुखत नाही, आणि भाजलेला भाग बहुतेक वेळा पुरता भरून येत नाही. आपल्याकडचं एप्रिल-मे महिन्यांतलं ऊन म्हणजे खेळ नव्हे. भिंग खिडकीत तसंच सोडून उठूही नका. ऊन सरकून त्यावर आलं तर चादर पेटू शकते.

पायरी १: कवडसा मोजा

पत्र्याला, कौलाला किंवा दाराच्या फळीला बारीक भोक असेल तर त्यातून पडलेला कवडसा शोधा. नसेल तर पुठ्ठ्याला पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक पाडून तो उन्हात धरा आणि खाली दोन-तीन मीटरवर सावलीत कागद ठेवा. भोक मुद्दाम तिकोनी पाडा, चौकोनी पाडा. कागदावरचा उजेड तरीही गोलच पडतो.

लहानपणी मला वाटायचं की भोक गोल म्हणून कवडसा गोल. तसं नाही. तो गोल म्हणजे सूर्याचं चित्र आहे. २६ डिसेंबर २०१९ ला सूर्यग्रहण झालं, आपल्याकडे ते खंडग्रास दिसलं. त्या सकाळी झाडाखाली पडलेले सगळे कवडसे कोरीसारखे होते. पानांमधली भोकं रोजचीच होती, बदलला होता तो सूर्याचा आकार.

आता मोजा. भोकापासून कवडशापर्यंतचं अंतर घ्या आणि त्याला १०८ नं भागा. पत्रा दहा फुटांवर, म्हणजे साधारण ३०५ सेंटीमीटरवर असेल, तर कवडसा २.८ सेंटीमीटर रुंद निघेल. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. त्यालाही १०८ नं भागलं तर जवळपास १४ लाख किलोमीटर येतात, आणि सूर्याचा व्यास तेवढाच आहे. आमच्या खोलीच्या फरशीवर मी हे मोजलं तेव्हा बराच वेळ गप्प बसून होते. कवडसा लांबट दिसला तर घाबरू नका, ऊन तिरकं आहे. मग त्याची आखूड बाजू मोजा. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य नेमका डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. मे महिन्यात ही वेळ दुपारी बारा वीस-पंचवीसच्या सुमाराला येते. त्या दिवशीचा कवडसा परकारानं काढल्यासारखा असतो.

यातून कळतं ते असं: प्रकाश सरळ रेषेत जातो. आणि तो वेळ घेतो. वेग सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर, तरीही सूर्यापासून पत्र्याच्या भोकापर्यंत यायला त्याला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. तेवढ्यात आईच्या पंधराएक विड्या वळून व्हायच्या.

पायरी २: अख्ख्या खोलीचा डोळा करा

सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत, समोरच्या घरांवर चांगलं ऊन असताना हा प्रयोग करा. रस्त्याकडच्या एका खिडकीला पुठ्ठा लावा, बाकी सगळ्या फटी चादरींनी बुजवा. दाराखालची फटही विसरू नका. पुठ्ठ्याला आठ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या गुंडीपेक्षा जरा लहान भोक पाडा. समोर दोन-अडीच मीटरवर पांढरी भिंत असेल तर छान, नाहीतर पांढरी चादर टांगा. आता दहा मिनिटं नुसतं बसा. डोळा अंधाराला सरावायला वेळ लागतो. मुलं पहिल्या दोन मिनिटांतच "काही दिसत नाही" म्हणून उठायला लागतात, त्यांना धरून ठेवा.

मग हळूहळू भिंतीवर रस्ता उमटतो. उलटा. आकाश खाली, डांबर वर, रिक्षा छताला चिकटून धावतेय, उजवीकडे जाणारा सायकलवाला डावीकडे निघालाय. आणि रंगांसकट! तुमचं घर गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत मिरवणुकीच्या वाटेवर असेल, तर जानेवारीत हा प्रयोग नक्की करा. उंचच उंच नंदीध्वज भिंतीवर टोक खाली करून सरकताना दिसतील.

उलटं का, याचं उत्तर पहिल्या पायरीतच आहे. प्रकाश सरळ जातो. समोरच्या गच्चीवरून निघालेला किरण भोकातून तिरका खाली उतरतो आणि भिंतीच्या तळाशी पडतो. रस्त्यावरून निघालेला वर चढतो. भोकापाशी सगळ्या किरणांची फुली होते.

आपली भाषा इथे जरा चकवते. आपण नजर टाकतो, नजर फिरवतो, एखाद्याची नजर लागते, जणू डोळ्यातून काही बाहेर जातं. न्यायदर्शनात तसं मानलेलंही आहे आणि प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडचंही तेच म्हणणं होतं. हजार वर्षांपूर्वी कैरोमध्ये इब्न अल-हैथम या विद्वानानं अंधारी खोली आणि तिच्याबाहेर ओळीनं ठेवलेले दिवे घेऊन दाखवलं की प्रत्येक दिव्याचा उजेड भोकातून आत येऊन वेगवेगळ्या जागी पडतो. एक दिवा झाकला की तेवढाच ठिपका जातो. डोळा काही फेकत नाही, तो घेतो. तुमच्या भिंतीवरचा रस्ता पाहिल्यावर हे सांगावं लागत नाही.

आता भोक मोठं करा. चित्र उजळतं, पण पसरट होतं. बारीक करा. रेखीव होतं, पण अंधूक. उजेड हवा की रेखीवपणा, यातलं एकच मिळतं. ही अडचण लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट ती सोडवण्याचीच आहे.

पायरी ३: भोकात भिंग बसवा

पुठ्ठ्याचं भोक भिंगाएवढं मोठं करा आणि भिंग चिकटपट्टीनं बसवा. हातात पांढरा कागद धरून तो भिंगामागे पुढे-मागे सरकवा. एका ठरावीक जागी, बहुतेक भिंगांना १५ ते २५ सेंटीमीटरवर, कागदावर रस्ता एकदम लखलखीत उमटेल. छोटा, उलटा, पण इतका स्पष्ट की विजेच्या तारा मोजता याव्यात. कागद बोटभर हलवा, चित्र विरघळतं.

ते अंतर मोजून लिहून ठेवा. लांबच्या वस्तूचं चित्र जिथे जुळतं ते भिंगाचं नाभीय अंतर. १०० ला त्या सेंटीमीटरनी भागलं की भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये येते. चष्म्याच्या दुकानात ज्याला 'नंबर' म्हणतात तो हाच. २० सेंटीमीटरचं भिंग म्हणजे +५ नंबर.

भिंग प्रकाश वळवतं कसं? हे समजून घ्यायला बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. डांबरी रस्त्यावरून गाडी तिरकी करून पावसानं भिजलेल्या काळ्या रानात उतरवली, तर जे चाक आधी चिखलात जातं ते मंदावतं. दुसरं अजून डांबरावर पळतंय. गाडी आपोआप मंदावलेल्या चाकाच्या बाजूला वळते. प्रकाशाचं तसंच होतं. हवेत तो सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, पाण्यात सव्वादोन लाख, साध्या काचेत सुमारे दोन लाख. तिरका घुसला की वळतो. सरळ समोरून घुसला तर दोन्ही चाकं एकदमच मंदावतात, म्हणून वळत नाही. भिंग मधे फुगीर आणि कडेला निमुळतं, मसुराच्या दाण्यासारखं. मधून जाणारा किरण जवळपास सरळ जातो, कडेनं जाणारा जास्त तिरका लागतो म्हणून जास्त वळतो. परिणाम असा की एका ठिकाणाहून निघालेले सगळे किरण पुन्हा एका ठिकाणी येऊन मिळतात. भोक मोठं, म्हणून उजेड भरपूर, आणि तरीही चित्र रेखीव.

पायरी ४: जवळची वस्तू आणा

आता खिडकी झाका. भिंग टेबलावर उभं करा, पुस्तकांच्या मधे अडकवलं तरी चालेल. भिंगामागे, मघाशी लिहिलेल्या अंतरावर कागद उभा करून पक्का चिकटवा. तो आता हलवायचा नाही. मोबाइलवर काळ्या पडद्यावर मोठं पांढरं 'ग' लिहा, उजेड पूर्ण वाढवा आणि मोबाइल खोलीच्या पलीकडच्या टोकाला ठेवा. कागदावर उलटा 'ग' बऱ्यापैकी दिसेल. मग मोबाइल हळूहळू जवळ आणा. ४० सेंटीमीटरवर येईपर्यंत अक्षराचा नुसता ढग झालेला असतो.

कागद सुटा असता तर मागे सरकवून चित्र पुन्हा जुळवता आलं असतं. २० सेंटीमीटरच्या भिंगाला वस्तू एका मीटरवर असेल तर कागद २५ वर न्यावा लागतो, ६० सेंटीमीटरवर असेल तर ३० वर, आणि ४० वर असेल तर चक्क ४० वर. कॅमेरा असंच करतो, भिंग आणि पडद्यामधलं अंतर बदलतो. मासेही डोळ्यातलं भिंग पुढे-मागे सरकवतात. माणसाच्या डोळ्यात ती सोय नाही. आपलं नेत्रगोल समोरून मागे सुमारे २४ मिलिमीटर, आणि मागचं दृष्टिपटल जागेवर पक्कं. तुम्ही कागद चिकटवलात तसं.

मग आपल्याला एकाच डोळ्यानं सिद्धेश्वराच्या तलावाकाठी उभं राहून पलीकडचा कळसही दिसतो आणि हातातल्या प्रसादाच्या पुडीवरची अक्षरंही. कसं?

पायरी ५: चाळिशीचा चष्मा भिंगापुढे धरा

मला सगळ्यात जिव्हाळ्याची पायरी ही. वाचायच्या चष्म्याचा नंबर विचारून घ्या. तो +२.५० असेल तर मोबाइल ४० सेंटीमीटरवर ठेवा, +२ असेल तर ५० वर, +१.५० असेल तर ६७ वर. हिशेब तोच, १०० भागिले नंबर. 'ग' विरघळलेलाच आहे. आता चष्म्याची एक काच भिंगाला अगदी लागून, पुढच्या बाजूनं धरा.

ढगाचा 'ग' होतो. कागद हलला नाही, मोबाइल हलला नाही, भिंग हललं नाही. फक्त भिंगाची शक्ती वाढली. भिंग कितीही सेंटीमीटरचं असो, पाच नंबरचं असो की सात, हे जमतंच.

लहान मुलाच्या डोळ्यात हा चष्मा आतूनच लावला जातो, दिवसातून हजारो वेळा, न सांगता. त्याचं भिंग मऊ असतं. जवळ पाहायचं झालं की ते फुगतं, वक्र होतं, त्याची शक्ती वाढते. लांब पाहायचं झालं की चपटं होतं. शाळेच्या पुस्तकात याला समायोजन शक्ती म्हणतात. आईच्या डोळ्यातलं हे फुगणं कमी झालं होतं. काकांचा चष्मा मी तिच्या नाकावर ठेवला त्या दिवशी तिनं सुपातली एक विडी उचलली, दोऱ्याची गाठ बघितली आणि म्हणाली, "अगं, गाठ दिसतेय की." मी रडले, हे सांगायला मला संकोच नाही.

हे डोळ्यात नेमकं कुठे घडतं

प्रकाश आधी पारपटलावर पडतो, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक, फुगीर काचेवर. मग परितारिका. ही रंगीत पडदी मधल्या बाहुलीचं भोक भर उन्हात दोन मिलिमीटरपर्यंत लहान करते आणि अंधारात सात-आठ मिलिमीटरपर्यंत मोठं. तिच्यामागे भिंग, आणि सगळ्यात मागे दृष्टिपटल.

बहुतेकांना वाटतं की जुळवायचं सगळं काम भिंगच करतं. तसं नाही. आराम करणाऱ्या डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर धरली, तर त्यातली जवळपास ४३ एकट्या पारपटलाची. हवेतून ओलसर पेशींत शिरताना प्रकाशाला सर्वांत मोठा धक्का तिथेच बसतो. विहिरीत सूर मारून पाण्याखाली डोळे उघडले की सगळं धूसर का दिसतं, त्याचं कारण हेच. पारपटलाच्या पुढेही पाणी, मागेही पाणी, वळायला कारण उरत नाही. १८०१ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यानं याच गोष्टीचा उपयोग केला. त्यानं स्वतःचा डोळा पाण्यात ठेवून पारपटल निकामी केलं, त्याची भरपाई दुसऱ्या भिंगानं केली आणि पाहिलं, तरी जवळचं-लांबचं जुळवता येतंच. म्हणजे बदल होतो तो आतल्या भिंगात.

पण भिंग फुगतं कसं? हे मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ते आपल्या अंदाजाच्या उलट आहे. भिंगाभोवती स्नायूंचं एक कडं आहे. त्या कड्यापासून भिंगाच्या कडेपर्यंत बारीक तंतू ताणलेले असतात. चौघांनी चार कोपरे धरून चादर ताणली की ती सपाट राहते, तसं. स्नायू सैल असताना कडं मोठं असतं, तंतू ताणलेले, भिंग चपटं. हा लांब पाहणारा, निवांत डोळा. स्नायू आवळला की कडं लहान होतं. चौघं एक-एक पाऊल आत आले म्हणा. तंतू ढिले पडतात आणि भिंग आपल्या मऊपणामुळे स्वतःहून फुगतं. स्नायू भिंगाला दाबत नाही, त्याला मोकळं करतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानं १८५५ मध्ये हे मांडलं आणि मूळ कल्पना आजही तीच धरली जाते.

दिवसभर विडी, सुई, मोबाइल यांच्याकडे पाहून डोळे का दमतात, तेही यात आलं. जवळ पाहताना स्नायू सतत आवळलेला असतो. मधून मधून मान वर करून लांब पाहिलं की तो सुटतो. आमच्या आळीतल्या यंत्रमागावरच्या काकांना ही सवय आपोआप लागलेली होती. तुटलेला धागा जोडला की ते दाराबाहेर पाहायचे.

पायरी ६: घरातल्या सगळ्यांचे डोळे मोजा

एका डोळ्यावर हात ठेवा. दुसऱ्यासमोर बोट उभं धरा आणि त्याच रेषेत लांबची एखादी वस्तू निवडा, पाण्याची टाकी किंवा झाडाचा शेंडा. बोटावरच्या रेषा पाहा, टाकी विरघळते. टाकी पाहा, बोट विरघळतं. दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. अदलाबदल होताना डोळ्याच्या आत किंचित ओढ जाणवते, तीच त्या स्नायूची.

मग वर्तमानपत्रातला बारीक मजकूर डोळ्याच्या दिशेनं आणत जा, आणि अक्षरं फुटायला लागली की थांबून अंतर मोजा. लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच मोजायचं. दहा वर्षांच्या मुलाला सात-आठ सेंटीमीटरवरचंही दिसतं. चाळिशीच्या आसपास हे अंतर वीस सेंटीमीटरच्या घरात जातं, आणि पन्नाशीनंतर हात पुरेनासा होतो. भिंतीवर पेन्सिलीनं नावं आणि अंतरं लिहा. आमच्या भिंतीवर ती अजून आहेत. त्यात एक गोष्ट लगेच दिसते: चाळिशी चाळिसाव्या वर्षी लागत नाही. ती लहानपणापासून लागतच असते, भिंग दर वर्षी थोडं थोडं ताठ होतच असतं. चाळिशीनंतर फक्त ते हातातल्या कामाच्या आड येतं. म्हणून ती कुणाला चुकत नाही. लहान वजा नंबरवाल्यांना चष्मा काढून वाचता येतं, एवढाच काय तो फरक.

पायरी ७: टाचणीचं भोक

पुठ्ठ्याच्या तुकड्याला टाचणीनं एक स्वच्छ भोक पाडा. ज्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही त्यांना चष्मा काढायला सांगा, भोक डोळ्याला लावा, चांगल्या उजेडात वर्तमानपत्र द्या. अक्षरं येतात. आजीला हे पहिल्यांदा जमतं तेव्हा तिचा चेहरा पाहा.

ही दुसऱ्या पायरीतलीच गोष्ट, बारीक भोक म्हणजे रेखीव चित्र. किरणांचा झोत इतका बारीक होतो की भिंगानं नीट जुळवलं नाही तरी फारसं पसरत नाही. डोळे तपासतानाही असंच भोकाचं साधन वापरतात. त्यातून नीट दिसलं तर अडचण बहुधा नंबरची. नाही दिसलं तर कारण दुसरीकडे शोधायला लागतं, मोतीबिंदू, दृष्टिपटल किंवा आणखी काही.

आणि माझ्या आईच्या उंबऱ्याचं कोडं इथे सुटतं. भरपूर उजेडात बाहुली आकसते, म्हणजे डोळा स्वतःच टाचणीचं भोक होतो. उंबऱ्यावर तिला विडी दिसायची ती म्हणून. तिला कारण माहीत नव्हतं, पण उपाय तिनं बरोबर शोधला होता.

वजा नंबरबद्दल थोडं

तिसऱ्या पायरीतला कागद भिंगापासून दोन-तीन सेंटीमीटर जास्त लांब न्या. लांबचा रस्ता विरघळतो, जवळचा मोबाइल मात्र स्पष्ट होतो. वजा नंबरचा डोळा असा असतो, नेत्रगोल जरा जास्त लांब. त्यात एका मिलिमीटरची वाढ झाली तरी अडीच-तीन नंबर पडतात. मुलाला फळा दिसत नसेल, ते टीव्हीच्या जवळ जाऊन बसत असेल तर तपासणी लांबवू नका. रोज बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना हा नंबर लागायचं प्रमाण कमी असतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यासाठी सकाळ आणि संध्याकाळ आहे.

कुठली काच अधिक आणि कुठली वजा, हे ओळखायला चष्मा हातभर लांब धरून त्यातून खिडकीची चौकट पाहा आणि चष्मा हलवा. चौकट चष्म्याच्याच दिशेनं सरकली आणि लहान दिसली तर वजा. उलट सरकली आणि मोठी दिसली तर अधिक.

शेवटची पायरी: कामाचं अंतर मोजून न्या

डोळे तपासायला जाताना बहुतेक लोक फक्त वय सांगतात. त्याच्या जोडीला एक आकडा न्या. नेहमीच्या जागी, नेहमीसारखं बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी डोळ्यापासून हातातल्या कामापर्यंतचं अंतर टेपनं मोजायला सांगा. शिवणयंत्राचं वेगळं, मागाचं वेगळं, हिशेबाच्या वहीचं वेगळं. तयार चष्मे वाचनाच्या अंतराचे असतात. मागावर साठ-सत्तर सेंटीमीटरवर पाहणाऱ्याला तोच चष्मा दिला तर धागे धूसर दिसतात, मग तो चष्मा खुंटीला जातो आणि 'चष्म्यानं डोळे बिघडतात' हा समज पक्का होतो. चष्म्यानं भिंग आणखी कडक होत नाही, चष्मा न लावल्यानं मऊही राहत नाही. डोळ्यांच्या व्यायामानंही चाळिशी जात नाही. वयानुसार नंबर वाढतो, दर दोन-एक वर्षांनी पुन्हा पाहून घ्यायचा. त्याच भेटीत डोळ्यातला दाब आणि मागचा पडदाही तपासून घ्या, विशेषतः घरात काचबिंदू किंवा मधुमेह असेल तर. काचबिंदू बहुधा दुखत नाही आणि कडेची नजर चोरपावलांनी नेतो. अचानक एका डोळ्यानं दिसेनासं झालं, लखलखाट किंवा काळे ठिपके एकदम वाढले, डोळा लाल होऊन खूप दुखू लागला, तर ती चाळिशी नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आईचं अंतर मी मोजलं तेव्हा ते ३६ सेंटीमीटर निघालं. कागदावर लिहून दिलं, तिनं ते पदराच्या गाठीत बांधून नेलं. चष्मा आला त्या आठवड्यात तिनं सूप उचललं आणि उंबऱ्यावरून पुन्हा आतल्या खोलीत, पत्र्याखालच्या कवडशांजवळ जाऊन बसली. उन्हाळा होता, आणि आत जरा गार होतं.